जिभेला न कळणारे

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या मामेभावाने मला बिअर जागेवरच तयार करणाऱ्या एका ठिकाणी नेले. (वयाची एकवीस वर्षे पूर्ण आहेत, सरांनी काळजी करू नये!) पुण्यात असे पहिले ठिकाण २००९ साली निघाले म्हणे. भावाने घोट घेतला, तोंड वाकडे केले. "लोण्याचा वास येतोय." यीस्टला पुरता वेळ न देता घाई केली की डायअसिटिल नावाचे द्रव्य मागे उरते, त्याचा हा वास. हवा लागली की ओल्या पुठ्ठ्याची चव. ऊन लागले की होप्स बिघडून दुर्गंधी, म्हणून बाटली तपकिरी. वेटरने मुकाट्याने ग्लास बदलून दिला.

मला आमचा केळापूर तालुका आठवला. चैत्रात पहाटे मोहफुले वेचणाऱ्या माणसांची नाके काय कमी तिखट आहेत? पण हातभट्टीवर पेला परत करणारा मी पाहिला नाही. चोरून प्यायचे, तर नवसागर किती घातला हे विचारायचे कोणी?

शिवाय लोणी ओळखणारी जीभ मिथेनॉलपुढे हतबल. ते साध्या दारूसारखेच लागते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे त्यानेच गेली. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून परवाना दिला, आदिवासी बचत गट ती उघडपणे गाळतात. दारूबंदीचा वाद वक्तृत्व स्पर्धेसाठी राहू द्या. पण जोवर आपल्याकडे लोक पितात, तोवर मोहाचा पेलाही प्रयोगशाळेत तपासला गेला पाहिजे. पुण्यात तर नुसत्या लोण्याच्या वासावर ग्लास बदलून मिळतो.