बर्कलीला कटऑफ नसतो

बे एरियातल्या मराठी मंडळींत सीनियर, म्हणजे बारावीतल्या, पोराचे आईबाप ओळखायला फार कसब लागत नाही. गणपतीची आरती झाली की प्रसादाची वाटी हातात घेऊन ते एखाद्या कोपऱ्यात उभे असतात. ज्याचं पोर गेल्या वर्षी कुठेतरी लागलं, त्याला त्यांनी गाठलेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो. "जीपीए ४.६ आहे, एपी अकरा झाले, रोबोटिक्सच्या टीमचा कॅप्टन आहे. बर्कलीचा चान्स किती धरायचा?" समोरचाही दिलदार माणूस. तो चाळीस टक्के म्हणतो, फारच आवडतं पोर असेल तर साठ. हा आकडा त्याने कुठून काढला ते त्यालाही सांगता येणार नाही, पण विचारणाऱ्याची त्या रात्रीची झोप त्यावर ठरते.

मला विचाराल तर या प्रश्नाला उत्तर नाही. त्याला लागूनच दुसरा एक प्रश्न आहे: कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात माझ्या पोराला जागा मिळेल का? अशा पोरांच्या बाबतीत त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. तो मात्र आरतीनंतर कुणी विचारत नाही.

आपण सगळे कटऑफवर वाढलेली माणसं. फर्ग्युसनची पहिली यादी, रुपारेलची दुसरी यादी, सीओईपीत अमुक शाखा अमुक गुणांना बंद झाली, अशा वाक्यांवर आपली अकरावी-बारावी गेली. काचेच्या फळ्यावर कागद लागायचा, आपला आकडा रेषेच्या वर की खाली तेवढं बघायचं आणि घरी यायचं. नशीब फुटलं तरी किती फुटलं हे मोजता यायचं: अर्ध्या टक्क्याने गेलं. मग हीच माणसं सनीवेल-फ्रीमॉन्टला येऊन राहतात आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची रेषा शोधायला लागतात. इथे घोडं पेंड खातं, कारण त्या रेषेचा कागद कुणी लावतच नाही.

या विद्यापीठाचे, म्हणजे यूसीचे, पदवीसाठी प्रवेश देणारे नऊ कॅम्पस आहेत, बर्कली त्यातलाच एक. अर्ज एकच, तो हवा तितक्या ठिकाणी पाठवायचा, दर कॅम्पसला ८० डॉलर. आपल्या लोकांना पहिला धक्का बसतो तो सॅटचा. विद्यापीठाच्या रीजंट्स मंडळाने २०२० साली ही परीक्षा टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं आणि २०२१ पासून तिचे गुण प्रवेशाच्या निर्णयात धरतच नाहीत. पोराला १५८० पडले तर आजीला फोन करून सांगा, यूसीला सांगून उपयोग नाही. शिफारसपत्रंही सहसा मागत नाहीत. अर्जासोबत गुणपत्रिकासुद्धा नाही. ग्रेड मुलाने स्वतः टाइप करायच्या. प्रवेश मिळाला की खरी गुणपत्रिका जाते, आणि तेव्हा खोटं सापडलं किंवा शेवटच्या वर्षी पोर ढेपाळलेलं दिसलं तर दिलेला प्रवेश काढून घेतात.

आणि तो ४.६ जीपीए? तो शाळेचा. यूसी आपला आपण मोजते. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ग्रेड त्यात येतात, आणि एपी किंवा ऑनर्स अशा वरच्या पातळीच्या विषयांचे वाढीव गुण फक्त आठ सत्रांपुरते मिळतात. आठ सत्रं म्हणजे वर्षभराचे चार विषय. अकरा एपीवाल्याला या हिशेबात चार एपीवाल्यापेक्षा जास्तीचा एकही गुण मिळत नाही. पोराने कठीण विषय घेतलेत हे वाचणाऱ्याला दिसतं, त्याला किंमतही आहे. पण ज्या घरात पहाटे दोनपर्यंत दिवा जळतो त्या घराला हा आठ सत्रांचा नियम आधी कुणी सांगितलेला नसतो.

पुढची गंमत त्याहून कडू आहे. अर्ज वाचणारा विचारतो, या मुलाच्या शाळेत काय-काय उपलब्ध होतं आणि त्यातून त्याने काय केलं? म्हणजे तुलना आधी स्वतःच्याच शाळेतल्या पोरांशी होते. चांगली शाळा मिळावी म्हणून ज्यांनी कुपर्टिनोत वीस-पंचवीस लाख डॉलर मोजून जुनाट घर घेतलं, त्यांनी आपल्या पोराला त्याच्यासारख्याच शेकडो पोरांच्या रांगेत आणून उभं केलं. सेंट्रल व्हॅलीतल्या एखाद्या गावात, जिथे मुळात चारच एपी शिकवतात, तिथल्या मुलीने ते चारही घेऊन उत्तम केले तर तिचा अर्ज उजळ दिसतो. हे मला रास्त वाटतं. राज्याचं विद्यापीठ आहे, एका कौंटीचं नव्हे.

"आपण इंडियन ना, म्हणून मार खातो," हेही हमखास ऐकू येतं. इतर राज्यांचं किंवा खासगी विद्यापीठांचं काय ते असो, पण कॅलिफोर्नियात १९९६ सालीच मतदारांनी प्रपोझिशन २०९ मंजूर करून सरकारी विद्यापीठांना प्रवेशात वंश पाहायला बंदी केली. २०२० मध्ये ती बंदी उठवायचा प्रस्ताव आला, तोही मतदारांनी फेटाळला. हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या खटल्यात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश न पाहण्याबद्दल जे सांगितलं ते इथे पाव शतकाहून जास्त काळ लागू होतं. तेव्हा निदान बर्कलीबद्दल तरी ही तक्रार नको.

ज्यांना रेषा हवीच आहे त्यांनी टेक्सासकडे बघावं. तिथे एका खटल्यामुळे वंशाचा विचार थांबला, तेव्हा १९९७ साली विधिमंडळाने सरळ आकडाच कायद्यात घातला: आपल्या शाळेतल्या पहिल्या दहा टक्क्यांत या, सरकारी विद्यापीठात प्रवेश पक्का. मग ऑस्टिनला इतकी गर्दी झाली की २००९ साली कायदा बदलावा लागला. आता तिथे राज्यातल्या मुलांच्या ७५ टक्के जागाच अशा भरतात, त्यामुळे ऑस्टिनपुरता आकडा खाली येत येत सहावर आला आणि २०२६ च्या प्रवेशासाठी पाचवर. माझी ह्यूस्टनची मैत्रीण म्हणते, "तुमच्याकडे धुकं आहे, आमच्याकडे भिंत." आणि ही भिंत ओलांडली तरी विद्यापीठात प्रवेश मिळतो, कॉम्प्युटर सायन्समध्ये मिळेलच असं नाही.

मी काही कौन्सेलर नव्हे. मराठी शाळेत शिकवते म्हणून मुलं निबंध दाखवायला येतात, एवढंच. यूसीच्या अर्जात आठ प्रश्न असतात, त्यातल्या चारांना प्रत्येकी साडेतीनशे शब्दांत उत्तरं द्यायची. मागे एकाच्या घरी गेले होते. पोराने लिहिलेल्या चार उत्तरांत 'लीडरशिप' सतरा ठिकाणी, पोर कुठेच नाही. एका कन्सल्टंटने भरपूर पैसे घेऊन त्याच्याकडून 'रिसर्च पेपर' करून घेतला होता. तो कशावर आहे हे सांगताना पोर अडखळत होतं.

"शनिवार-रविवार काय करतोस रे?" मी विचारलं.

"स्टोअरमध्ये असतो, मावशी. इंडियन ग्रोसरी. सकाळी ट्रक येतो, तो उतरवायचा. मग भेंडी."

"भेंडीचं काय?"

"निवडायची. एका खोक्यात वरचा थर चांगला असतो, खाली काळी पडलेली. गिऱ्हाइकं प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघतात, मोडलेली तिथेच टाकून जातात. मी मालकांना म्हटलं, आपण आधीच निवडून अर्ध्या-अर्ध्या पाउंडाच्या पिशव्या करू. आता कमी फेकावी लागते."

आई चहा घेऊन आली ती बोलतच आली. "अहो, ते नाही हं लिहिलं आम्ही. पॉकेटमनीसाठी करतो. बरं दिसत नाही ना, दुकानात काम करतो म्हणून!"

अर्जात मुलाच्या उद्योगांसाठी वीस रकाने आहेत. त्यात पगारी नोकरीचा वेगळा प्रकार आहे: काय काम, वर्षातले किती आठवडे, आठवड्याला किती तास. घरातली जबाबदारीही लिहिता येते. हाच मुलगा दर मंगळवारी आजोबांना डायलिसिसला नेत होता, तेही कुठे आलं नव्हतं. आणि आपले लोक हे दोन्ही लपवतात, कारण आपल्याकडे हुशार पोराने फक्त अभ्यास करायचा असतो. त्या दिवशी त्याने रिसर्च पेपरवरचं उत्तर खोडून भेंडीवर लिहिलं. ते मी पुन्हा-पुन्हा वाचलं, एकही शब्द बदलावासा वाटला नाही. अशा उत्तराने प्रवेश मिळतो असा दावा मी करणार नाही. पण निदान अर्ज त्याचा होता.

आता त्या 'चान्स'कडे येऊ. यूसीएलएला, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिसच्या कॅम्पसला, एका वर्षात दीड लाखाच्या घरात अर्ज येतात आणि शंभरातल्या नऊ जणांना प्रवेश मिळतो. बर्कली त्याहून जराशा जास्त जणांना घेते. अभियांत्रिकीत निवड शाखा बघून होते, आणि आपल्या घरांत शाखा एकच असते, तिचं नाव सांगायची गरज नाही. तिथे हा आकडा आणखी खाली जातो. नाकारलेल्यांतही पुष्कळांचे जीपीए चारच्या वरचे असतात. अशा ठिकाणी तुमच्या पोराला चाळीस टक्के देणारा माणूस तुमचं मन राखतोय, एवढंच समजा.

पण दुसऱ्या टोकाला मर्सेड आहे. २००५ साली सुरू झालेला सर्वांत नवा कॅम्पस, सॅन वाकीन व्हॅलीत, बदामाच्या बागांच्या मुलखात. तिथे अर्ज करणाऱ्यांतल्या बहुतेकांना प्रवेश मिळतो. हा योगायोग नव्हे. क्लार्क केर यूसीचे अध्यक्ष असताना १९६० साली राज्याने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. त्यात वचन असं होतं: शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना यूसी, वरच्या एक तृतीयांशाला कॅलिफोर्निया स्टेट, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. त्याच वचनाचा धागा आजही शिल्लक आहे. राज्यातल्या किंवा आपल्या शाळेतल्या पहिल्या नऊ टक्क्यांत बसणाऱ्या राज्यातल्या मुलाला मागितलेल्या सगळ्या कॅम्पसनी नाही म्हटलं, तरी जागा असेल तिथे यूसी स्वतःहून प्रवेश देऊ करते. ती जागा बहुधा मर्सेडची असते. ती पत्रं येतात आणि आपली माणसं ती वाचून बाजूला ठेवतात, कारण मंडळात सांगायचं कसं? मग पोराला दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात बाहेरच्यांची फी भरून पाठवतात. यूसीची राज्यातल्या मुलांची वर्षाची फी १५ हजार डॉलरच्या आसपास आहे. बाहेरून येणाऱ्याला इथे त्यावर आणखी ३७ हजारांहून जास्त भरावे लागतात. तिकडेही असाच काहीतरी फरक असतो. नाव सांगायला बरं वाटावं म्हणून एवढी किंमत!

मघाशी म्हटलं की रेषेचा कागद कुणी लावत नाही. तो लावतात, पण आपण बघत नाही तिथे. सॅन होजे स्टेट हे कॅलिफोर्निया स्टेटमधलं विद्यापीठ. ते शाखावार आकडे प्रसिद्ध करत आलेलं आहे, कुठली शाखा कितीला थांबली ते. अगदी आपल्या ओळखीचा कागद! त्या विद्यापीठातून निघालेली पोरं बे एरियातल्या सगळ्या कंपन्यांत बसलेली आहेत. त्यातल्या काहींना आपणच रोज 'गुड मॉर्निंग' म्हणतो.

दुसरा कागद कम्युनिटी कॉलेजचा. डी अँझा तर कुपर्टिनोतच आहे, फूटहिल लॉस आल्टोस हिल्समध्ये. तिथे दोन वर्षं ठरलेले विषय ठरलेल्या जीपीएने केले, तर डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहांपैकी एका कॅम्पसचा हमीचा प्रवेश मागता येतो. कुठल्या कॅम्पसला किती जीपीए ते छापलेलं असतं. कॉम्प्युटर सायन्ससारख्या शाखा काही कॅम्पस यातून वगळतात, ते आधी वाचून घ्यावं. बर्कली आणि यूसीएलए हमी देत नाहीत, पण कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांपैकी साधारण चारातल्या एकाला तेही घेतात. नऊ टक्क्यांपुढे पंचवीस टक्के. आणि पदवीच्या कागदावर दोन वर्षं कुठे काढली ते लिहिलेलं नसतं.

हे मी ज्यांना-ज्यांना सांगते ते मान डोलावतात आणि म्हणतात, "बरोबर आहे तुमचं ताई, पण आमच्या याला बर्कलीचा चान्स…"

अर्जाचं पान ऑगस्टपासून उघडं असतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाठवायचं असतं, निकाल मार्चमध्ये. यंदा ज्यांच्या घरी सीनियर आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. बर्कली जरूर टाका, ८० डॉलरच तर जातात. पण यादीत निदान दोन नावं अशी घाला की तिथून होकार आला तर पोराला पोटभर पेढे खाऊ घालाल, आणि ती नावं त्याला आजच सांगा, मार्चच्या निकालानंतर नको.