बंबालाही मर्यादा हवीच

"आग लागल्यावर बंबाला कसली आलीय वेगमर्यादा? मिळेल त्या वेगाने सुटला पाहिजे." कुठे आग लागली आणि बंब यायला जरा उशीर झाला, की हे वाक्य हमखास कानावर येते. नाक्यावर येते, सोसायटीच्या सभेत येते, पुढाऱ्यांच्या तोंडूनही येते. त्यामागची कळकळ खरी आहे, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे ठाण्यातल्या खोपटच्या रस्त्यावर उभे राहिले की स्वच्छ कळते.

आधी समोरच्या पक्षाचे सर्वांत भक्कम म्हणणे ऐकू. आजची घरे पूर्वीपेक्षा फार लवकर पेटतात. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन खोल्या मांडून चाचण्या घेतल्या. फोमचा सोफा, कृत्रिम धाग्यांचे पडदे आणि प्लास्टिकचे सामान असलेली खोली पाच मिनिटांच्या आत सगळीकडून पेटली. जुन्या पद्धतीच्या लाकडी-सुती सामानाच्या खोलीला त्याच अवस्थेला यायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. तेव्हा मिनिटाची किंमत मोठी आहे, हे शंभर टक्के मान्य. प्रश्न एवढाच, की ते मिनिट चालकाच्या पायाखालच्या ॲक्सिलरेटरमधून मिळते का?

कायदाही वरवर पाहता याच पक्षाच्या बाजूने दिसतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक विनियमांत तातडीच्या वाहनांचा अग्रक्रम ठरवला आहे. त्या यादीत अग्निशमन दलाची गाडी पहिली, रुग्णवाहिकेच्याही आधी. जीव वाचवायचा असेल तर तिच्या चालकाला लाल सिग्नल ओलांडता येतो, वेगमर्यादा ओलांडता येते, एकदिशा मार्गात उलट्या बाजूने शिरता येते. सायरन आणि दिवे मात्र चालू हवेत, आणि हे सारे पुरेशी काळजी घेऊन, जबाबदारीने करायला हवे. किती वेगाने, याचा आकडा तिथे नाही. ब्रिटनमध्येही १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याच्या ८७ व्या कलमाने बंबांना वेगमर्यादेतून सूट दिली आहे.

पण सूट म्हणजे हुकूम नव्हे. कायदा चालकाला मर्यादा ओलांडू देतो, ओलांडच असे सांगत नाही. काळजीची अट तर एका क्षणासाठीही सैल होत नाही. धावत्या बंबाखाली कोणी सापडले, तर भारतीय न्याय संहितेचे १०६ वे कलम चालकापुढे उभे राहते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "पळव, पळव" म्हणून ओरडणारा जमाव त्या दिवशी कोर्टात येत नाही.

आता खोपटचा हिशेब मांडू. पाचपाखाडीचे अग्निशमन केंद्र इथून फार लांब नाही. अंतर दीड किलोमीटर धरू. ताशी ३० च्या वेगाने ते तीन मिनिटांत कापले जाते, ताशी ६० च्या वेगाने दीड मिनिटात. कागदावर दीड मिनिट वाचले. पण ६० चा वेग सलग मिळणार कुठे? केंद्रातून बाहेर पडताना वळण, मग सिग्नल, मग एसटी आगाराचे फाटक. भरलेला बंब वेग पकडायलाच बराच रस्ता खातो, आणि पकडतो न पकडतो तोच पुन्हा ब्रेक. प्रत्यक्षात हाती लागते ते फार तर अर्धे-पाऊण मिनिट.

त्या अर्ध्या मिनिटासाठी द्यावे काय लागते, तेही मोजू. काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा, रस्ता कोरडा धरा, ब्रेक उत्तम धरा. ४० च्या वेगातली जड गाडी थांबायला साधारण ३० मीटर लागतात. ६० च्या वेगात पन्नासाहून अधिक. जुलैच्या पावसात त्याहून किती तरी जास्त. आता आगाराच्या फाटकापाशी सकाळी काय चालते ते पाहा. लाल परी रस्त्याची अख्खी रुंदी घेत बाहेर वळते. तिच्या नाकासमोरून दुचाकी सटकते. पलीकडे मीटर टाकून उभ्या असलेल्या रिक्षाकडे कोणी बॅगा घेऊन धावते आणि त्याचे सगळे लक्ष गाडी चुकेल की काय याकडे असते. सायरन त्याला ऐकू येतो, पण कुठून येतो आहे ते कळत नाही. दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून आवाज चारही दिशांनी आल्यासारखा वाटतो. अशा जागी पन्नास मीटर मोकळा रस्ता कुठे असतो?

शिवाय बंब ही साधी जड गाडी नव्हे. साडेचार हजार लिटरची टाकी म्हणजे साडेचार टन पाणी, आणि पाणी जागच्या जागी बसून राहत नाही. टाकीत आडवे पडदे असतात, तरी अर्धवट रिकामी टाकी घेऊन वळण मारले की ते वजन एका कडेला धावते. गाडी उंच, तिचा भार वर. मागे जवान बसलेले, त्यांपैकी कोणी गमबूट चढवतोय, कोणी श्वसनयंत्राचे पट्टे आवळतोय. अमेरिकेत कामावर मरण पावणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूच्या कारणांत हृदयविकार आणि अतिश्रमानंतर वाहन अपघातांचा क्रमांक लागतो. म्हणूनच तिथल्या राष्ट्रीय मानकात बंबाने लाल सिग्नलला पूर्ण थांबावे, चौक मोकळा आहे याची खात्री करावी आणि मगच पुढे जावे, असे लिहिले आहे. मला हा नियम सोन्यासारखा वाटतो. वाटेतच बंब आपटला तर आगीकडे कोणीच पोहोचत नाही, उलट दुसरा बंब अपघाताकडे धाडावा लागतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. रात्रीचे काय? २८ एप्रिल २०२१ च्या पहाटे मुंब्र्यातल्या प्राइम क्रिटिकेअर रुग्णालयाला आग लागली आणि चार रुग्ण दगावले. अशा वेळी मोकळ्या रस्त्यावरही बंबाने रांगत जावे का? मुळीच नाही. पूर्व द्रुतगती महामार्गावर, रात्री, दूरच्या वर्दीला वेग खरोखर उपयोगी पडतो. वीस किलोमीटरचे अंतर ४० ने अर्ध्या तासाचे, ६० ने वीस मिनिटांचे. ही दहा मिनिटे खरी आहेत. म्हणून मर्यादा सरसकट एकच असावी असे माझे म्हणणे नाही. महामार्गाला वेगळी, बाजाराला वेगळी, कोलबाड किंवा सिद्धेश्वर तलावाच्या बाजूच्या गल्ल्यांना वेगळी असावी. ती वर्दी येण्याआधी, थंड डोक्याने लिहिलेली असावी, एवढाच माझा हट्ट आहे. घंटा वाजल्यावर चालकाच्या अंगात जे शिरते ते धैर्य असते. पण धैर्याला ब्रेकचे अंतर ठाऊक नसते.

दुसऱ्या टोकाचे लोकही भेटतात. बंबानेही इतरांसारखेच रांगेत जावे, उगाच सायरन वाजवून लोकांना घाबरवू नये, असे ते म्हणतात. हे तर अजिबात पटण्यासारखे नाही. वाट मागण्याचा हक्क बंबाला कायद्याने दिला आहे आणि वाट देणे हे आपले कर्तव्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले १९४ ई कलम बंबाला किंवा रुग्णवाहिकेला बाजू न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही सांगते. पण या तक्रारीत एक कण खरा आहे. एकाच वर्दीला चार-पाच गाड्या निघतात, तेव्हा प्रत्येकीने सारखेच धावावे का? डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत स्फोट झाले, तेव्हा अनेक गाड्या लागल्या. अशा वेळी पहिल्या गाडीची घाई समजू शकते. दहाव्या टँकरने मात्र सुरक्षित पोहोचणे आणि पाण्याचा पुरवठा अखंड ठेवणे महत्त्वाचे. अमेरिकेतल्या काही शहरांत पहिली गाडी सायरन लावून निघते, मागच्या गाड्या शांतपणे येतात. आपण हे का करू नये?

मग मिनिटे जातात कुठे? पहिली जातात फोन करण्याआधी. घरातले पाणी मारून बघतात, वॉचमनला शोधतात, ओळखीच्याला फोन लावतात आणि १०१ सगळ्यात शेवटी आठवतो. नंतरची जातात रस्त्यात. कल्याणचा पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. त्या दोन वर्षांत तिथल्या कोंडीतून कोणत्या चालकाने कितीही जोर लावला असता तरी काय साधले असते? सणांच्या दिवसांत अर्धा रस्ता अडवणाऱ्या मंडपांचेही तेच. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाबरोबर रस्त्यातल्या मंडपांबाबतही कडक आदेश दिले. ते पाळले जातात की नाही, हे गणपती-नवरात्रात ज्याने त्याने आपापल्या गल्लीत पाहावे.

शेवटची मिनिटे जातात आपल्याच दारात, आणि मला सर्वांत जास्त चीड याची येते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उंच इमारतीच्या आवाराचे प्रवेशद्वार सहा मीटरपेक्षा अरुंद असता कामा नये, आणि फाटक मागे दुमडून कुंपणाच्या भिंतीला टेकले पाहिजे. प्रत्यक्षात फाटकाच्या एका पंखाला कायमचे कुलूप असते. आतल्या मोकळ्या जागेत, जिथे शिडीची गाडी उभी राहायची, तिथे पट्टे मारून पार्किंग वाटलेले असते. बंब फाटकाशी पोहोचतो, आणि कोणाच्या तरी मोटारीच्या किल्लीचा शोध सुरू होतो. रस्त्यावर जिवावर उदार होऊन कमावलेले अर्धे मिनिट इथे दहा वेळा खर्ची पडते. मग उशीर झाला म्हणून शिव्या खातो तो जवान.

केंद्रांची संख्या हाही यातलाच भाग. शहरी भागात दर दहा चौरस किलोमीटरला एक केंद्र, असा केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा दंडक आहे. ठाणे महापालिकेचे क्षेत्र सव्वाशे चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १८ लाखांवर होती. बंब लवकर यायला हवा असेल तर तो जवळून निघाला पाहिजे. त्यासाठी केंद्रे, छोट्या गल्ल्यांत शिरतील अशा लहान गाड्या आणि पुरेसे प्रशिक्षित चालक लागतात. हे मागायला आवाज लागतो, पाठपुरावा लागतो. "पळव" म्हणायला काहीच लागत नाही.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांना आणि मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. बंबाच्या वेगाविषयी लेखी स्थायी आदेश असेल तर तो लोकांपुढे ठेवा, नसेल तर काढा. दाट वस्तीत आणि बाजारात कमाल वेग किती, मोठ्या रस्त्यावर किती, हे त्यात आकड्यांत असू द्या. लाल सिग्नलला थांबून, पाहून मगच पुढे. उलट दिशेने जाताना माणसाच्या चालण्याइतकाच वेग. सगळे जवान पट्टा लावून बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि शेवटचे, जे मला सर्वांत मोलाचे वाटते: हा आदेश पाळल्यामुळे बंब एक मिनिट उशिरा पोहोचला, तर त्या चालकाला कोणीही जाब विचारणार नाही आणि प्रशासन त्याच्या पाठीशी उभे राहील, हे त्यात स्पष्ट लिहा.

आणि खोपटकरांनो, आज संध्याकाळी खाली उतरून आपल्या सोसायटीच्या फाटकाचे दोन्ही पंख पूर्ण उघडतात का, तेवढे बघा. उघडत नसतील तर येत्या रविवारी उघडून घ्या.