सत्ता कोणाची आणि अपमान कोणाचा?

इ. स. १८९९ चा कार्तिक महिना. करवीरचे छत्रपती शाहू महाराज पहाटेच्या वेळी पंचगंगेवर स्नानासाठी आले होते. रिवाजाप्रमाणे पुरोहिताचे मंत्र सुरू होते. महाराजांसमवेत असलेले मुंबईचे विद्वान राजारामशास्त्री भागवत यांच्या लक्षात आले की, म्हटले जात आहेत ते मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत. विचारणा होताच उत्तर आले की, शूद्राला वेदोक्ताचा अधिकार नाही. शिवछत्रपतींच्या वंशाचा वारसा सांगणाऱ्या गादीच्या धन्याला मिळालेले हे उत्तर! राजापाशी सिंहासन होते, खजिना होता, शिपाई होते. उत्तर देणाऱ्यापाशी यांपैकी काहीही नव्हते; तो राजाचाच आश्रित होता. तरीही त्या पहाटे अपमान झाला तो राजाचा.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या प्रसंगाची आठवण आज मुद्दाम करण्याचे कारण आहे. अमेरिकेत १९७० च्या सुमारास एक सूत्र मांडले गेले आणि पुढे विद्यापीठीय वर्तुळांत ते रूढ झाले. पूर्वग्रह अधिक सत्ता म्हणजे वंशवाद, असे ते सूत्र. ज्याच्या हाती सामाजिक सत्ता नाही, त्याच्या मनात दुसऱ्या वंशाविषयी कितीही विष साठलेले असो, त्याला फार तर पूर्वग्रह म्हणावे, वंशवाद म्हणू नये, असा त्याचा इत्यर्थ. हेच माप आता आपल्याकडील जातीच्या प्रश्नालाही लावले जाते. जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात नि:संदिग्धपणे मांडले होते. तथापि जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचे पाप दोन्हीकडे एकच आहे. म्हणूनच हे आयात सूत्र कोल्हापूरच्या कसोटीच्या दगडावर घासून पाहणे योग्य ठरेल.

सूत्रातील सत्यांश

प्रथम त्यातील सत्यांश मान्य केला पाहिजे. शाहू महाराजांच्या आधीचे करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. एका बाजूला छत्रपती आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी फौजेतील सर्वांत खालच्या पायरीवरचा शिपाई. परंतु त्या शिपायाच्या पाठीशी अवघे साम्राज्य उभे होते. त्याच वर्षी इल्बर्ट विधेयकावरून देशभरातील गोरे लोक खवळून उठले होते. गोऱ्या आरोपीचा खटला हिंदी न्यायाधीशापुढे चालावा, एवढीच त्या विधेयकातील मागणी. अखेर १८८४ मध्ये सरकारने माघार घेतली आणि निम्मे पंच गोरे असावेत, अशी मागणी करण्याचा हक्क गोऱ्या आरोपीला बहाल केला. तिरस्काराला सत्तेची जोड मिळाली की तो कायदा होतो, तुरुंग होतो, प्रसंगी मृत्यूही होतो. दुर्बळाच्या तोंडची शिवी आणि सबळाच्या हातचा आसूड यांनी होणारी इजा सारखी नसते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु सत्तेमुळे इजा वाढते, हे एक विधान झाले. सत्ता नसेल तर दोषच नाही, हे दुसरे. पहिले खरे आहे म्हणून दुसरे खरे ठरत नाही. चोराच्या हाती शस्त्र असले तर दरोडा अधिक घातक होतो. म्हणून नि:शस्त्र चोराला साव म्हणण्याची रीत कोणत्याही समाजात नाही.

जिन्याच्या पायऱ्या

सूत्राचे समर्थक म्हणतील, घाटावरच्या पुरोहितापाशीही सत्ता होतीच; ती पोथीची सत्ता होती. हे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. मात्र ते मान्य करताच सत्ता एकाच ठिकाणी साठलेली असते, ही समजूत ढासळते. सिंहासनाची सत्ता वेगळी, पोथीची वेगळी, गोऱ्या कातडीची वेगळी आणि पाण्याच्या हौदाचीही वेगळीच.

हौदाची सत्ताही कोल्हापूरनेच पाहिली आहे. महाराजांच्या पागेत चाकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांनी मराठ्यांच्या हौदातील पाण्याला हात लावला, या ‘अपराधा’साठी त्यांना बेदम मारहाण झाली. मारणारे कोण होते? ना वेदशास्त्रसंपन्न पंडित, ना गोरे साहेब. ते पागेतलेच साधे नोकर होते. ज्या पोथीने छत्रपतींना शूद्र ठरवले, तिने या नोकरांना कोणता मान दिला असता? वरच्या पायरीवरून आलेला अपमान त्यांनी खालच्या पायरीवर पोहोचता केला, इतकेच. जातिव्यवस्थेचा जिना असा आहे की, त्यावरील बहुतेक प्रत्येकाला मान खाली घालायला कोणी तरी वर असतो आणि लाथ मारायला कोणी तरी खाली असतो. मग सत्ताहीन म्हणून दोषमुक्त ठरवायचे कोणाला? प्रत्येकजण वर बोट दाखवील आणि आपल्या पायाखाली कोण आहे, हे पाहण्याचे टाळील. सूत्राची खरी मेख येथे आहे.

मोठ्यांच्या दृष्टीलाही ही मर्यादा पडते. करवीरच्या छत्रपतींवरील अन्यायाविरुद्ध लिहिल्याबद्दल लोकमान्य टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्याच लोकमान्यांनी १९०१ साली वेदोक्त प्रकरणी ‘केसरी’तून महाराजांच्या विरोधी बाजूने लेखणी चालवली. राज्यकर्त्यांच्या सत्तेचा अन्याय ज्यांना लख्ख दिसला, त्यांना पोथीच्या सत्तेचा अन्याय तितका स्पष्ट दिसला नाही. लोकमान्यांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. परंतु इतरांनी यातून सावध व्हावे.

सत्तेची वाट पाहणारा द्वेष

या सूत्राचा आणखी एक धोका आहे. युगांडा १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. इंग्रजी अमदानीत तेथे वरती गोरा, मध्ये भारतीय व्यापारी आणि तळाशी आफ्रिकी, अशी उतरंड होती. अनेक भारतीयांच्या मनात काळ्या माणसाविषयी तुच्छता होती, हे कटू सत्य आहे. आणि आफ्रिकी मनात भारतीयांविषयी द्वेष धुमसत होता, हेही तितकेच सत्य आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. हा द्वेष त्या हुकुमाच्या दिवशी जन्मला काय? तो आधीपासून होता. फक्त त्याच्या हाती राज्य आले. सत्ता आल्यानंतरच ज्या व्याख्येला द्वेष दिसू लागतो, ती व्याख्या घर जळून गेल्यावर घागर शोधायला निघते.

अमेरिकेतील जर्सी सिटीत १९८७ साली ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्यांनी भारतीयांवर हल्ले केले. हे नावच हिंदू स्त्रियांच्या कपाळीच्या कुंकवाची टवाळी करणारे होते. मार खाणाऱ्यांत डॉक्टरसारखे सुशिक्षित, प्रतिष्ठित लोक होते आणि मारणारी गल्लीतली पोरे होती. रस्त्यावर रक्त सांडत असताना शिक्षण, पगार आणि हुद्दा यांची बेरीज करून सत्ता कोणाकडे अधिक, हे ठरवत बसायचे काय?

माजघरातील तेच सूत्र

येथवर वाचून अनेक सुशिक्षित कुटुंबांना समाधान वाटेल की, पुरोगाम्यांचे सूत्र बरे उघडे पडले. हे समाधान फार काळ टिकणारे नाही. कारण तेच सूत्र मध्यमवर्गीय माजघरातही सुखेनैव नांदत असते. जेवणाच्या पंगतीत एखाद्या जातीवरून विनोद होतो, कोणी हरकत घेतलीच तर उत्तर तयार असते, ‘आता आपल्या हाती कुठे सत्ता आहे? आपल्या बोलण्याने कोणाचे काय बिघडणार?’ अमेरिकेतील प्राध्यापक आणि कोल्हापुरातील हे गृहस्थ यांचा युक्तिवाद अक्षरश: एकच आहे. सत्ता नाही, म्हणून दोष नाही!

पण याच गृहस्थांच्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने द्यायची असते, तेव्हा भाडेकरूला आधी आडनाव विचारले जाते. त्या क्षणी त्या खोलीची किल्ली हीच सत्ता असते. मोलकरणीचा कप वेगळा ठेवणारी मांडणीही सत्ताच असते. ईशान्य भारतातून आलेल्या मुलाला भर रस्त्यात चेहऱ्यावरून हिणवणाऱ्या टवाळखोराला निवडणूक जिंकावी लागत नाही. २०१४ साली दिल्लीत अरुणाचल प्रदेशच्या नीडो तानिया या तरुणाच्या दिसण्यावरून झालेल्या टवाळीतून भांडण पेटले आणि मारहाणीनंतर त्याचा मृत्यू झाला. देशाला त्यानंतर बेझबरुआ समितीचा अहवाल वाचावा लागला.

महाराजांचा मार्ग

शाहू महाराजांना स्वत:पुरते वेदोक्त मिळवून स्वस्थ बसता आले असते. अपमान धुऊन निघाला असता आणि जिना जागच्या जागी राहिला असता. महाराजांनी तसे केले नाही. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत ते बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले.

आणि गंगाराम कांबळे? त्यांना महाराजांनी चहाचे दुकान काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा स्वत: महाराजांची गाडी त्या दुकानाशी थांबू लागली. छत्रपतींनी कप तोंडाला लावल्यावर सोबतच्या मानकऱ्यांना नकार देण्याची सोय उरली नाही. घाटावर स्वत:चा अपमान सोसलेल्या पुरुषाने आपल्याच नोकरांच्या हातून झालेला अपमान आपला मानला आणि त्याची भरपाई केली. आपल्या वर कोण आहे, एवढेच पाहून ते थांबले नाहीत. आपल्या खाली कोण आहे, हेही त्यांनी पाहिले.

सत्ता किती आहे यावरून जबाबदारी किती, हे ठरावे. राजाची अधिक, गृहस्थाची कमी. परंतु जन्मावरून माणसाला हीन लेखणे हा दोष कोणत्याही पायरीवर दोषच आहे. त्यातून सुटका देणारी व्याख्या अमेरिकेतून आलेली असो वा माजघरातून, ती नाकारली पाहिजे. पंचगंगेच्या घाटावर विचारला गेलेला प्रश्न आज प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर उभा आहे. आपल्या स्वयंपाकघरातील वेगळा ठेवलेला कप आधी काढून टाकावा. वंशवादाच्या व्याख्येवरील परिसंवाद त्यानंतर खुशाल भरवावेत.