विश्लेषण : मुलाच्या उपचारांचे बिल सरकार भरते, तरी कुटुंब का मोडते?

सोलापूरहून रात्री सुटणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरायचे आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय गाठायचे, हा रस्ता जिल्ह्यातील अनेक कर्करुग्णांच्या घरांना पाठ झालेला आहे. रुग्ण लहान मूल असेल तर या फेऱ्या दोन-तीन वर्षेही चालतात. उपचारांसाठी आता पाच लाखांचे सरकारी कवच आहे. तरीही घरे कर्जात बुडतात आणि काही जण उपचार अर्ध्यावर सोडतात. सरकारी मदत रुग्णाच्या खाटेपाशी थांबते. खाटेशेजारी बसलेल्या आईपर्यंत ती पोहोचत नाही.

योजनेत नेमके काय मिळते?

सोलापूरला या योजनेची ओळख जुनी आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती पाच लाखांवर गेली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अटही सुटली. ही योजना नसती तर कित्येक मुलांवर उपचार सुरूच झाले नसते. तेव्हा योजनेला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण तिचा हिशेब रुग्ण आणि रुग्णालय यांच्यातला आहे. शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, दाखल रुग्णाचे जेवण, घरी परतताना एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे, इतके त्यात बसते. मुलासोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी, महिनोन्‌महिन्यांचे खोलीभाडे आणि घरी आजीकडे ठेवलेल्या धाकट्याचा खर्च कोणत्याही रकान्यात येत नाही.

दाखल नसतानाही मुंबईत का राहावे लागते?

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा असतो आणि त्यातही ‘तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’चे प्रमाण मोठे आहे. सुरुवातीचे काही महिने केमोथेरपी जोरकस असते. त्यानंतर दीर्घकाळ गोळ्या आणि ठरावीक तपासण्या चालतात. यातला बराच काळ मूल रुग्णालयाबाहेर असते, पण मोकळे नसते. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला तर सकाळची वाट पाहून चालत नाही, लगेच रुग्णालय गाठावे लागते. सुमारे ४०० किलोमीटरवरच्या सोलापुरात परतून हे साधत नाही. म्हणून रुग्णालयाजवळच राहायचे आणि तेही स्वच्छ शौचालय, उकळलेले पाणी, ताजे अन्न मिळेल अशा ठिकाणी. परळच्या पदपथावर मुक्काम टाकलेल्या कुटुंबाला यातले काय मिळणार?

सोलापुरात हा प्रश्न अधिक बोचरा का?

इथली मोठी कष्टकरी वस्ती नगावर जगते. विडी हजारावर मोजली जाते, यंत्रमागावरची मजुरी कापडावर. हात थांबले की मिळकत थांबते. आई मुलाला घेऊन मुंबईत गेली की तिची विडी बंद होते. वडील सोबत गेले तर मागही बंद पडतो. बचत गटाचा किंवा मायक्रोफायनान्सचा हप्ता मात्र थांबत नाही. मग दागिने गहाण पडतात, हातउसने होते आणि शेवटी सावकार.

रजेच्या बाबतीतली तफावतही पाहण्यासारखी आहे. राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी संपूर्ण सेवेत १८० दिवसांची पगारी रजा मिळते. ती योग्यच आहे. कामगार राज्य विमा योजनेत मात्र आजारपणाचा भत्ता कामगार स्वतः आजारी पडला तरच मिळतो, मूल आजारी पडले तर नाही. आणि घरी बसून विडी वळणारीच्या बाबतीत तर रजा हा शब्दच लागू होत नाही. विडी कामगारांच्या कुटुंबांना गंभीर आजारांच्या खर्चासाठी केंद्राच्या कामगार कल्याण योजनेतून मदत आहे, पण ती परताव्याच्या रूपात. म्हणजे आधी पैसे उभे करायचे, मग बिले जोडायची. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठीच असलेल्या योजनेची ही अट.

उपचार सोडून जाणे हा निष्काळजीपणा आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आहे. उशिरा निदान, चुकीचे निदान, औषधांची टंचाई यांच्याबरोबर ‘उपचार अर्ध्यावर सोडणे’ हेही कारण संघटना देते. त्यामुळे डॉक्टरांनी रागावून किंवा समुपदेशकाने समजावून हा प्रश्न पूर्ण सुटणार नाही. मूल जरा बरे दिसू लागते, खेळू लागते, त्याच सुमारास घरचे पैसे संपतात आणि पुढची तारीख चुकते. या क्षणी हाताशी गाडीभाडे आणि महिन्याचा किराणा असणे, हाही उपचारच मानायला हवा.

मग आज भार कोण उचलते?

बराचसा भार समाज उचलतो. ज्यांना कुणी दारात उभे करत नव्हते त्यांच्यासाठी गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली. त्यांच्याच नावाची दादरची धर्मशाळा आज कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड संस्था कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना मोफत निवारा, स्वयंपाकाची सोय आणि मानसिक आधार देते. टाटा रुग्णालयातील ‘इम्पॅक्ट’ उपक्रमही मुलांचे उपचार सुटू नयेत यासाठी मदत उभी करतो. हे काम मोलाचे आहे, पण ते देणग्यांवर चालते. जागा मिळाली तर मिळाली.

सरकारला काय करता येईल?

मुलाची काळजी घेणाऱ्या एका पालकाला निदानापासून उपचार संपेपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम थेट खात्यात द्यावी. कल्पना परकी नाही. क्षयरुग्णाला पोषणासाठी ‘निक्षय’ योजनेतून आता महिन्याला एक हजार रुपये मिळतातच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळची ‘आश्वासकिरणम्’ योजना अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांना मासिक मदत देते, रक्कम लहान असली तरी. फ्रान्समध्ये गंभीर आजारी मुलाच्या पालकाला तीन वर्षांत ३१० दिवसांपर्यंत दैनिक भत्ता मिळतो.

तिजोरीवर भार पडेल, हा आक्षेप येईलच. पण अशा मुलांची संख्या मर्यादित असते आणि फुले योजनेत त्यांची नोंद आधीच होते, वेगळी यंत्रणा लागत नाही. उपचार अर्ध्यावर सुटला तर सरकारने तोवर खर्च केलेले लाखो रुपयेही वाया जातात. नव्याने उत्पन्नाचा दाखला मात्र मागू नये. मुंबईतून तहसील कार्यालयाच्या खेपा घालणे कुणालाच जमणार नाही.

दुसरे काम जिल्ह्यातच करता येईल. ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली, म्हणजे या विषयाची जाण जिल्ह्याला आहे. रक्ततपासणी, तापावरचे तातडीचे उपचार, गोळ्यांचा पाठपुरावा ही कामे मुंबईच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात होऊ लागली, तर कित्येक फेऱ्या टळतील.

तोपर्यंत कुटुंबांनी काय मागावे?

मुंबईला निघण्यापूर्वी शिधापत्रिका आणि मुलाचे आधार कार्ड यांची माहिती आरोग्यमित्राकडून तपासून घ्यावी. धर्मादाय रुग्णालयांत वार्षिक १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी १० टक्के खाटा मोफत असतात. तीन लाख ६० हजारांपर्यंतच्या कुटुंबांसाठी आणखी १० टक्के खाटा सवलतीत. रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर व थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठीही वेगळी सवलत आहे. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र आरक्षण खिडकीवर दाखवावे लागते. पहिल्याच भेटीत ते मागून घ्यावे आणि निवाऱ्यासाठी रुग्णालयातील समाजसेवा विभागात त्याच दिवशी नाव नोंदवावे.