शेवटचा अंक राखणदार

खारेपाटणला काय किंवा मुंबईला काय, केसपेपर काढताना आधार आणि मोबाइल क्रमांक सहसा विचारले जातात. आधारच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून गणिताने ठरतो. डच गणिती फेरहूफ यांची ही १९६९ची युक्ती. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर पडताळणीत ते उघड होते. मोबाइलच्या १० अंकांना असा राखणदार नाही. मग थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला, तरी निरोप परक्याच घरी जातो आणि रुग्ण खोकत राहतो. गणित नाही तिथे माणसाने राखण करावी. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने लिहिलेला क्रमांक मोठ्याने परत वाचावा. रुग्णानेही तो ऐकल्याशिवाय खिडकी सोडू नये.