दारा बुलंदनंतर 'दुनियादारी'

डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंतच्या लोकलमध्ये रहस्यकथा झकास वाचून होते. म्हणूनच आवडत्या रहस्यकथाकारानं एकदम प्रेमाची किंवा घरसंसाराची कादंबरी हातात ठेवली, की आपल्याकडचा वाचक उखडतो. पन्नास पानं झाली तरी खून नाही, म्हणजे पैसे वाया गेले!

हा राग आम्हाला समजतो, पण पटत नाही. सुहास शिरवळकरांचंच बघा. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास या त्यांच्या नायकांना वाचकांनी डोक्यावर घेतलं. त्याच लेखणीतून १९८२ मध्ये 'दुनियादारी' उतरली. तिच्यात गुन्ह्याचा तपास नाही. आहे ती कॉलेजच्या कट्ट्यावरची टोळी, जिवाला जीव देणारी मैत्री, हाणामाऱ्या आणि हातून निसटलेलं प्रेम. पण प्रकरण नेमकं कुठे तोडायचं, संवाद किती तोकडा ठेवायचा, हा हात रहस्यकथांनीच तयार केलेला. २०१३ मध्ये संजय जाधव यांचा चित्रपट आला आणि कादंबरी नव्या पिढीच्या हाती गेली. शिरवळकर मात्र २००३ मध्येच गेले, याची हळहळ वाटते.

गूढकथांनी आपली झोप उडवणारे रत्नाकर मतकरीही अशीच वेगळी वाट धरून ठाण्यात वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा करत होते.

अशी पुस्तकं शोधायला आपल्याकडे जुनी वाचनालयं आहेत: कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. तिथे आपल्या लाडक्या लेखकाचं वेगळ्या वाटेचं पुस्तक मागा, शेवटपर्यंत वाचा. नाहीच आवडलं, तर खरमरीत पत्र पाठवा. पुढच्या अंकात जरूर छापू.