मासा सोडायचाय? मग तंगूस जाडच घ्या!

रीलमध्ये कुणीतरी हातभर लांबीचा महसीर छातीशी धरून उभा असतो आणि आपण लगेच ऑनलाइन काठ्या शोधायला लागतो. जरा थांबा. कार्टमधली ती दहा चमचमती खोटी आमिषं आधी काढून टाका!

महसीर म्हणजे युरोपातल्या नद्यांमधल्या बार्बेलचा भाऊबंद. तोंडाजवळ मिशांच्या तशाच दोन जोड्या, वाहत्या पाण्याचं तसंच वेड. आपल्या दख्खनी महसीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९मध्ये केलं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्याकडे बघून हे खरं वाटतं का?

‘बारीक तंगूसावर मोठा मासा खेळवण्यातच खरी मजा,’ असं सिनिअर मंडळी सांगतात. मला अजिबात पटत नाही. मीही तेच केलं होतं. तीन-एक किलोचा मासा, पाऊण तास झुंज, मग निवांत फोटो. पाण्यात सोडला, तर उलटा होऊन वाहत गेला. फोटोला लाइक्स भरपूर आले. मी तो डिलीट केला.

म्हणून पहिली खरेदी साधी करा. आठ-नऊ फुटी दणकट काठी, ४००० आकाराचं स्पिनिंग रीळ आणि आठ-नऊ किलो ताण सोसणारं तंगूस. महसीरची पहिली धाव जबरदस्त असते, त्यामुळे रिळावर दीडशे मीटर तरी तंगूस हवं. गळ एकच लावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. उरलेले पैसे बिनगाठीच्या हातजाळीवर घाला. काठी मिरवायला बरी, मासा वाचवते ती जाळी.

आमिषाला कणकेची किंवा नाचणीची घट्ट गोळी पुरते. खळाळतं पाणी जिथे डोहात उतरतं, तिथे टाका. गोळी तळाशी टिकेल एवढंच शिसं लावा. मासा आला की हात ओले करा, त्याला पाण्यातच ठेवा, तोंड प्रवाहाकडे करून धरा. तो स्वतःहून निसटेपर्यंत थांबा. फोटो? एक. बस्स.

पावसाळ्यात हा मासा अंडी घालतो, तेव्हा गळ घरीच ठेवा. मे महिन्यात तापलेल्या, आटलेल्या डोहातही नको. जिथे टाकायचा तिथली परवानगी आधी काढा. आणि देवाचे डोह सोडाच. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत गावकऱ्यांनी श्रद्धेपोटी महसीर जपलाय. तिथे फक्त बघायला जा.

‘सोडायचाच, तर पकडायचा कशाला?’ असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच: गळ टाकून तासन् तास बसल्यावरच मला कळलं, की नदीत कुठे गटार मिसळतंय आणि कुठून वाळू उपसली जातेय. ज्याला नदीत काही हवंय, तोच तिच्यासाठी भांडतो. पण ते भांडण मेलेल्या माशाच्या फोटोने सुरू होऊ नये, एवढं बघा.